विंडोज १० गेलं, आता लिनक्स की विंडोज ११? पतसंस्थेच्या १४ मशीनचा हिशोब

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तासगाव भागातली तुमची पतसंस्था, हेड ऑफिस आणि दोन शाखा मिळून १४ कॉम्प्युटर, त्यातलं एक सर्व्हर म्हणून चालतं, सगळ्यांवर विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट बंद केला, तुमच्या व्हेंडरने चौदाच्या चौदा मशीन बदलायचं कोटेशन पाठवलं, आणि मीटिंगमध्ये एक संचालक म्हणाले की लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) फुकट आहे, त्याला व्हायरस लागत नाही, ते बंदही पडत नाही, मग तेच टाकू. तर खर्च, सिक्युरिटी आणि भरवसा या तिन्हीत खरं काय आहे असं तुम्ही विचारलंय.

मी सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात बरीच वर्षं हेच काम करतोय, मार्केट यार्डातली हळदीची अडत दुकानं, मिरजेतले दवाखाने, कुपवाड एमआयडीसीतली छोटी वर्कशॉप आणि आसपासच्या पतसंस्था, त्यामुळे दोन्ही सिस्टिम रोज हाताखालून जातात आणि मला कुठल्या कंपनीचं कमिशन नाही. सरळ सांगायचं तर अख्ख्या ऑफिसला एकच सिस्टिम टाकायची हा हट्टच सोडून द्या. प्रत्येक मशीनसमोर उभं राहून तीन गोष्टी विचारायच्या, यावर कोणतं सॉफ्टवेअर चालतंय, याला कोणता प्रिंटर आणि कोणतं डिजिटल सहीचं टोकन जोडलंय, आणि हे बंद पडलं तर कोण येणार आणि किती वेळात येणार. याची उत्तरं लिहून काढली की फुकट का विकत हे जवळपास आपोआप ठरतंय.

आधी खर्चाचं बघू, कारण कोटेशन हातात आहे. सगळी मशीन बदलायची गरज बहुतेक नसणार. विंडोज ११ ला टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सिक्युरिटी चिप) लागतं, सिक्युअर बूट (मशीन चालू होताना अनोळखी कोड अडवणारी सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर ढोबळमानाने आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा लागतो, म्हणजे साधारण २०१७ च्या शेवटी शेवटी जे बाजारात आले तिथून पुढचे. मायक्रोसॉफ्टचंच पीसी हेल्थ चेक नावाचं ॲप आहे, ते प्रत्येक मशीनवर चालवा, लगेच कळतं पास का नापास. कधी कधी टीपीएम मशीनमध्ये असतंय पण बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद असतंय, ते चालू केलं की नापास मशीन पास होतं, हे व्हेंडरने बघितलंय का तेवढं विचारा. जी पास होतील आणि ज्यांचं विंडोज १० ओरिजिनल आहे त्यांना ११ चं अपग्रेड फुकट आहे, लायसन्सचे पैसे कुणालाही द्यायचे नाहीत.

नापास मशीनसाठी मायक्रोसॉफ्ट पैसे घेऊन जादा काळ सिक्युरिटी अपडेट देतंय, पण ऑफिससाठी त्याचा दर पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट, आणि मध्येच दुसऱ्या वर्षी घुसायचं म्हटलं तरी पहिल्या वर्षाचे पैसे भरावेच लागतात. ३० डॉलरची जी स्कीम तुम्ही ऐकली असेल ती घरगुती वापरासाठी आहे, संस्थेसाठी नाही. जुन्या मशीनवर तीन वर्षं एवढे पैसे घालण्यापेक्षा नवीन मशीन घेतलेलं बरं. फक्त एखादं मशीन असं असेल की ज्यावर जुनं सॉफ्टवेअर अडकलंय आणि वर्षभरात ते बदलणारच आहे, तर तेवढ्या एकासाठी हे ठीक.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो कारण आपल्याकडे ती सर्रास चालते. पाचशे रुपयात विंडोज मारून देणारी पोरं. त्यातलं बरंचसं क्रॅक असतंय, ॲक्टिव्हेटर (लायसन्स असल्याचं भासवणारं सॉफ्टवेअर) चालवायला आधी डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) बंद करायला लावतात आणि तिथंच दार उघडं पडतं, बऱ्याचदा त्या ॲक्टिव्हेटरमध्येच मालवेअर असतंय. ऑनलाइन चारशे-पाचशेला मिळणारी लायसन्स की पण बहुतेक वेळा दुसऱ्या कंपनीच्या व्हॉल्यूम लायसन्समधली फुटलेली असते, आज चालते, उद्या ब्लॉक होते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब प्रमाणे माहीत असून पायरेटेड सॉफ्टवेअर वापरलं तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड अशी तरतूद आहे. सभासदांच्या ठेवी सांभाळणाऱ्या संस्थेत हे चालवून घेऊच नका, त्यापेक्षा लिनक्स हजारपट चांगलं.

सर्व्हरचा खर्च वेगळाच असतो आणि कोटेशनमध्ये तो बऱ्याचदा नीट दाखवत नाहीत. विंडोज सर्व्हरचं लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात, किमान १६ कोअरचं घ्यावंच लागतं, आणि वर जेवढे युजर किंवा जेवढी मशीन त्या सर्व्हरला जोडणार तेवढी कॅल नावाची लायसन्स वेगळी. सर्व्हरचं व्हर्जन बदललं की कॅलही परत. म्हणून कित्येक ठिकाणी साध्या विंडोज १० प्रोवर फोल्डर शेअर करून त्यालाच सर्व्हर म्हणतात. तुमच्याकडेही तेच दिसतंय. त्यात एका वेळी जास्तीत जास्त २० कनेक्शनची मर्यादा आहे, तुमच्या १४ ला ती आज पुरतीये, शाखा वाढल्या की अडचण येईल. डेटाबेस मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा असेल तर तेही बघून घ्या, फुकटच्या एक्सप्रेस एडिशनला २०२२ च्या व्हर्जनपर्यंत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा होती, आणि ती भरते नेमकी मार्च एंडला, जेव्हा सगळ्यात जास्त एंट्र्या पडतात.

आता लिनक्सचा खर्च. लायसन्स शून्य, हे खरंय. उबुंटू, डेबियन, लिनक्स मिंट, ही सगळी लिनक्सचीच रूपं, कितीही मशीनवर टाका, कुणी विचारणार नाही. पण फुकट म्हणजे लिनक्स आणि विकत म्हणजे विंडोज अशी सरळ फाळणी नाही हे संचालकांना समजावून सांगा. रेड हॅट आणि सुसे हे लिनक्सच आहेत आणि ते सपोर्टचे वर्षाला पैसे घेतात. उबुंटूवाली कॅनॉनिकल कंपनीसुद्धा उबुंटू प्रो विकते, डेस्कटॉपला वर्षाला २५ डॉलर आणि सर्व्हरला ५०० डॉलर. तुम्हाला ते घ्यायची सक्ती नाही, पण रात्री अकराला डेटाबेस उठत नसेल तर फोन कुणाला लावायचा याचं उत्तर तुम्हाला आधीच विकत घेऊन ठेवावं लागतं, मग ते कंपनीकडून घ्या नाहीतर गावातल्या माणसाकडून. सांगलीत विंडोज बघणारा माणूस गल्लीत मिळतो. लिनक्सचा चांगला माणूसही मिळतो, इंजिनिअरिंग कॉलेजांमुळे पोरं तयार होतात, पण त्यातली बरीचशी पुण्याला निघून जातात, म्हणून एएमसी (वर्षाचा देखभाल करार) करताना एकट्या माणसावर अवलंबून राहू नका, आणि त्याने काय काय सेटिंग केलंय हे कागदावर लिहून घ्या. ते कागद संस्थेच्या कपाटात पाहिजेत, त्याच्या डोक्यात नकोत.

स्टाफच्या सवयीचाही खर्च असतो आणि तो कुठल्याच कोटेशनमध्ये येत नाही. केरळच्या सरकारी शाळांनी २००० च्या दशकातच मुक्त सॉफ्टवेअर घेतलं आणि आजही चालवतायत, कारण त्यांनी आधी शिक्षकांना ट्रेनिंग दिलं, धडेही त्याच सॉफ्टवेअरवर बसवले आणि स्वतःची टीम उभी केली. उलट जर्मनीत म्युनिक महापालिकेने हजारो मशीन लिनक्सवर नेली, २०१३ पर्यंत ते काम पूर्ण केलं, आणि २०१७ ला परत विंडोजवर जायचा ठराव केला. त्यात राजकारण होतं, फाईलींच्या फॉरमॅटची भांडणंही होती. म्हणजे लायसन्सचे वाचलेले पैसे माणसांवर खर्च केले तर ते वाचतात, नाहीतर दुसऱ्या खिशातून जातात.

सिक्युरिटीवर जरा जास्त लिहितो कारण गैरसमज इथंच सगळ्यात जास्त आहेत.

लिनक्सला व्हायरस लागत नाही हे वाक्य अर्धवट आहे. लिनक्सच्या डेस्कटॉपवर व्हायरस कमी येतात हे खरं, त्याला कारणं आहेत. सॉफ्टवेअर एका ठरलेल्या ठिकाणाहून सही तपासून येतं, कुठल्याही साइटवरून सेटअप फाईल उतरवून डबल क्लिक करायची सवय लागत नाही, रोजचा युजर ॲडमिन नसतो, आणि डेस्कटॉपवर लिनक्स वापरणारे कमी असल्याने चोरांनाही त्यात रस कमी. पण तुमच्याच ऑफिसात आज लिनक्स चालू आहे, माहितीये कुठं? भिंतीवरच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये आणि वायफाय राउटरमध्ये, त्यात बहुतेक लिनक्सच असतंय. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने असेच कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर हजारोंनी ताब्यात घेतले, फक्त कंपनीचे मूळ पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणून, आणि त्यांच्या जोरावर त्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. घरोघरी फाईली साठवायला वापरतात ते नॅस डबे, त्यातले बरेच लिनक्सवर चालतात आणि २०२१-२२ मध्ये त्यांच्यावर रॅन्समवेअरच्या (फाईली लॉक करून पैसे मागणाऱ्या मालवेअरच्या) लाटा आल्या होत्या. तेव्हा डीव्हीआरचा पासवर्ड आजच बदला, हे सिस्टिम बदलायच्याही आधीचं काम आहे.

दुसऱ्या बाजूने विंडोज म्हणजे चाळणी हेही खरं नाही. वॉनाक्राय हे रॅन्समवेअर आठवत असेल, १२ मे २०१७, जगभर मशीन लॉक झाली, इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांची ऑपरेशनं पुढं ढकलली. ते ज्या भोकातून शिरलं त्याचा पॅच (दुरुस्ती) मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेला होता. जवळजवळ दोन महिने लोकांनी तो टाकला नाही, म्हणून ते घडलं. आणि ज्यांच्याकडे सपोर्ट संपलेलं विंडोज एक्सपी होतं त्यांना तर तोपर्यंत पॅचच मिळाला नव्हता, तो त्यांच्यासाठी हल्ला झाल्यावर घाईने काढला. तुमची विंडोज १० वाली मशीन आज त्याच जागी उभी आहेत, म्हणून मी घाई करा म्हणतोय.

सोर्स कोड उघडा असला की सुरक्षित असतो असं म्हणणाऱ्यांना मी एक्सझेडची गोष्ट सांगतो. एक्सझेड म्हणजे फाईल दाबून लहान करायचं छोटं सॉफ्टवेअर, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतंय, आणि ते सांभाळणारा मूळ माणूस एकटा आणि थकलेला. एका अनोळखी माणसाने दोन-अडीच वर्षं चांगलं काम करून त्याचा विश्वास मिळवला आणि २०२४ च्या सुरुवातीला त्यात चोरदरवाजा घुसवला, असा की एसएसएच या लांबून लॉगिन करायच्या सोयीतून सर्व्हरमध्ये शिरता यावं. तो सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्याने हे असं का म्हणून मुळापर्यंत खोदलं आणि २९ मार्च २०२४ ला जगाला सांगितलं. हा माणूस नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये. कोड उघडा होता म्हणून त्याला खोदता आलं, हे लिनक्सचं मोठं बळ. पण दोन वर्षं त्या अनोळखी माणसाचा डाव कुणाच्या लक्षात आला नाही हेही तेवढंच खरं. डेबियनच्या स्टेबल व्हर्जनपर्यंत ते पोचलं नाही, टेस्टिंगमध्येच सापडलं, म्हणूनच मी ऑफिसला कधीच नवीन नवीन व्हर्जन टाकत नाही, जुनं-जाणतं एलटीएस (लांब मुदतीच्या सपोर्टचं) किंवा स्टेबलच टाकतो.

प्रत्यक्षात आपल्याकडे घात कशाने होतो ते सांगतो. यार्डातल्या एका व्यापाऱ्याकडे मालकांना घरून टॅली बघता यावं म्हणून कुणीतरी राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा (लांबून मशीन चालवायच्या सोयीचा) ३३८९ पोर्ट थेट बाहेर उघडून ठेवला होता, युजरचं नाव टॅली आणि पासवर्डही तोच. सकाळी दुकान उघडलं तर प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी टेक्स्ट फाईल पडलेली, डेटाच्या सगळ्या फाईलींच्या नावापुढं वेगळंच शेपूट लागलेलं, आणि बॅकअपचा पेन ड्राइव्ह कायम मशीनलाच लावून ठेवलेला असल्याने तोही गेला. जुने छापील लेजर होते म्हणून हिशोब परत उभा करता आला, त्यात हंगाम गेला. याला विंडोजचा दोष म्हणायचा का? लिनक्सचा सर्व्हर असाच उघडा ठेवला असता तरी हेच झालं असतं, पब्लिक आयपीवर (थेट इंटरनेटवरून दिसणाऱ्या पत्त्यावर) मशीन लावलं की थोड्याच वेळात लॉगमध्ये (मशीनवर काय घडलं त्या नोंदींमध्ये) रूट, ॲडमिन, टेस्ट अशा नावांनी लॉगिनचे प्रयत्न धडाधड दिसायला लागतात. बाहेरून यायचं असेल तर व्हीपीएनमधून (इंटरनेटवरच्या खासगी, कुलूपबंद वाटेने) यायचं, आणि एसएसएच असेल तर पासवर्ड बंद करून की फाईल वापरायची. हा नियम दोन्हीकडे सारखाच.

अजून एक, सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना कळली की ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात, हा आदेश संस्थांनाही लागू आहे. डेबियन-उबुंटूमध्ये बरेचसे लॉग मूळ सेटिंगनुसार चार आठवडेच राहतात, लॉगरोटेट या जुने लॉग पुसत जाणाऱ्या सोयीच्या सेटिंगमध्ये ते वाढवावे लागतात. विंडोजमध्येही सिक्युरिटी लॉगची साईज मूळची लहानच असते, भरला की जुनं पुसत जातं. सिस्टिम लावणाऱ्याला हे मुद्दाम सांगा, न सांगता कुणी करत नाही.

आता भरवसा. लिनक्सचा सर्व्हर महिनोन्महिने न थांबता चालतो हे मी रोज बघतोय, आणि ते खरोखर कौतुकाचं आहे. जगातले पहिले ५०० सुपरकॉम्प्युटर नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत, ते उगाच नाही. पण माझा सर्व्हर तीन वर्षं रीस्टार्टच केला नाही असं कुणी छाती फुगवून सांगितलं तर मला काळजी वाटते, कारण कर्नलचे (सिस्टिमच्या गाभ्याचे) सिक्युरिटी अपडेट तीन वर्षं लागलेले नाहीत असाच त्याचा अर्थ बहुतेक वेळा निघतो. महिन्यातून एकदा रविवारी सकाळी रीस्टार्ट करायचा, दोन मिनिटांचं काम आहे. विंडोजची अडचण उलटी, ते स्वतःच्या मर्जीने अपडेट घेऊन ऐन गर्दीत कॉन्फिगर होत बसतं, त्यासाठी ॲक्टिव्ह अवर्स (कामाच्या वेळा) नीट लावा आणि अपडेट बंद मात्र करू नका.

विकतचं घेतलं म्हणजे बिनघोर असंही नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीची एक फाईल चुकली आणि विंडोजची साधारण ८५ लाख मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. प्रत्येक मशीनसमोर माणूस बसवून सेफ मोडमधून ती फाईल काढावी लागली. त्याच्या आधी काही महिने त्याच प्रॉडक्टमुळे काही लिनक्स सर्व्हरही अडकले होते, फक्त त्याची एवढी बोंब झाली नाही. आणि फुकटवाल्यांनीही शब्द मोडलाय बरं का. सेंटओएस ८ या रेड हॅटच्याच फुकट रूपाला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार असं सांगितलं होतं, डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने जाहीर केलं की २०२१ च्या शेवटालाच ते बंद, ज्यांनी नुकतेच सर्व्हर लावले होते त्यांची धावपळ झाली. त्यातून रॉकी आणि अल्मा ही त्याच्या जागी वापरायची लिनक्स तयार झाली, पण धडा असा की फुकटची सिस्टिम घेताना तिच्यामागं कोण उभं आहे तेही बघायचं. डेबियनवर माझा विश्वास यासाठी आहे की १९९३ पासून ते कुठल्या एका कंपनीच्या ताब्यात नाही.

पण खरं सांगू, आपल्या भागात डेटा जातो तो ऑपरेटिंग सिस्टिममुळे क्वचित. जातो लाईटमुळे आणि पाण्यामुळे. लाईट गेली, यूपीएस टू-टू करतोय, काउंटरवर गर्दी आहे, कुणाचं लक्ष नाही, दहा मिनिटांनी बॅटरी संपून सर्व्हर खाडकन बंद, डेटाबेसची फाईल अर्धवट लिहिलेली. विंडोजचं एनटीएफएस काय आणि लिनक्सचं ईएक्सटी४ काय, दोन्ही जर्नल (बदलांची नोंदवही) ठेवतात, फाईल सिस्टिम सावरते, पण डेटाबेस सावरेलच याची खात्री नाही. यूपीएस घेताना मागं यूएसबी पोर्ट असलेला घ्या, ती वायर सर्व्हरला जोडा, बॅटरी कमी झाली की सर्व्हर आपला आपण व्यवस्थित बंद होतो, लिनक्समध्ये त्यासाठी नट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, विंडोजमध्ये कंपनीचं येतं. वायर जोडलेलीच नसते, बॉक्समध्ये पडून असते, हे मी किती ठिकाणी बघितलंय. आणि पाण्याचं तर तुम्हाला सांगायला नको, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, सांगलीतल्या पेठांमधली तळमजल्यावरची मशीन बॅकअपच्या डिस्कसकट बुडाली. तासगावला कृष्णेचं पाणी येत नाही, पण आग, शॉर्ट सर्किट, चोरी आहेच. एक बॅकअप दुसऱ्या शाखेत पाहिजे, रोज, आणि कुठल्याच मशीनला कायम न जोडलेला अजून एक. महिन्यातून एकदा त्यातून डेटा खरंच परत येतो का ते करून बघायचं. हे ज्या संस्थेत होतं तिथं विंडोज आहे का लिनक्स याने मला झोपेचा प्रश्न पडत नाही.

आता ज्या गोष्टींवर तुमचा निर्णय खरा अडणार आहे त्या. पहिलं म्हणजे तुमचं पतसंस्थेचं सॉफ्टवेअर. ते ब्राउझरमध्ये उघडतं का? उघडत असेल तर काउंटरवर लिनक्स मिंट टाकायला फारशी अडचण नाही, स्टाफला क्रोम दिसलं की त्यांचं काम चालू. पण व्हिज्युअल बेसिकमधलं किंवा फॉक्सप्रोमधलं जुनं सॉफ्टवेअर असेल, आणि आपल्याकडे अशी अजून भरपूर आहेत, तर ते मशीन विंडोजवरच ठेवा. वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) वापरून ते लिनक्सवर चालवून दाखवणारा कुणी भेटेल, चालेलही, पण व्याजाची आकारणी करताना मध्येच फसलं तर सॉफ्टवेअरवाला हात वर करणार. ठेवीदारांच्या हिशोबावर असले प्रयोग करू नका. टॅली वापरत असाल तर त्याचंही तेच, टॅली प्राइम विंडोजसाठीच आहे. व्हेंडरला ईमेल करून लेखी विचारा की तुमचं सॉफ्टवेअर लिनक्सवर सपोर्टेड आहे का, फोनवरच्या "हो हो चालतंय"वर जाऊ नका.

दुसरं, प्रिंटर. कॅनॉनचा एलबीपी २९०० तुमच्याकडे असणारच, कुठल्या ऑफिसात नसतो, आणि लिनक्सवर तो रडवतो. तो कॅप्ट नावाच्या कॅनॉनच्या स्वतःच्या पद्धतीने चालतो, त्याचा ड्रायव्हर जुना आहे, लावला तरी सिस्टिमचं मोठं अपडेट आलं की परत बघावं लागेल याची तयारी ठेवा. एचपीचे बहुतेक प्रिंटर मात्र लिनक्सवर सुरळीत चालतात. पासबुक प्रिंटर आणि डॉट मॅट्रिक्स चालतात, पण ओळ नेमकी चौकटीत पडते का हे एक पासबुक घालून, पान उलटून, दुसऱ्या पानावरची पहिली ओळ बघून तपासायचं, स्क्रीनवर प्रीव्ह्यू बघून नाही. डिजिटल सहीचं टोकन आणि आधारचं बोटाचं मशीन याला लिनक्सचा ड्रायव्हर मॉडेलनुसार असतो किंवा नसतो, त्यामुळे जीएसटी, टीडीएस आणि रिटर्नचं काम होतं ते एक मशीन विंडोजवर ठेवणंच शहाणपणाचं.

तिसरं मराठी. तुमची जुनी इतिवृत्तं, ठराव, वार्षिक सभेचे अहवाल श्री-लिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेले असतील. लिनक्सवर लिबर ऑफिसमध्ये ती फाईल उघडेल, फॉन्ट टाकला तर अक्षरं दिसतीलही, पण त्यात नवीन टाइप करायला श्री-लिपीचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते विंडोजचं आहे. युनिकोडमधलं मराठी मात्र लिनक्सवर अगदी चांगलं चालतं, इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात तयारच असतो. ज्या कर्मचाऱ्याचा हात श्री-लिपीवर बसलाय त्याला एकदम बदलायला लावू नका, त्याचं मशीन विंडोज ११ वर ठेवा आणि नवीन कागद तेवढे युनिकोडमध्ये करायची सवय लावा, जुने हळूहळू कन्व्हर्ट होतील. कन्व्हर्ट केल्यावर जोडाक्षरं आणि आकडे डोळ्यांनी तपासायचे, रकमेचा आकडा चुकला तर ऑडिटमध्ये भारी पडेल.

हे सगळं धरून तुमच्या जागी मी काय केलं असतं ते सांगतो. सर्व्हर डेबियन किंवा उबुंटू एलटीएसवर, त्यावर सांबा हे फाईल शेअर करायचं फुकट सॉफ्टवेअर, म्हणजे विंडोजच्या मशीनना तो नेहमीच्या शेअर फोल्डरसारखाच दिसतो आणि कॅलचे पैसे लागत नाहीत, फक्त डेटाबेस लिनक्सवर चालतो असं व्हेंडरने लेखी दिलं तरच, नाहीतर सर्व्हर विंडोजचा घ्या आणि लिनक्सचं मशीन निव्वळ बॅकअपला ठेवा, जे स्वतः आत जाऊन डेटा ओढून आणेल आणि काउंटरच्या मशीनना त्यात लिहिता येणार नाही, म्हणजे रॅन्समवेअर आलं तरी तिथपर्यंत हात पोचणार नाही. हेल्थ चेकमध्ये पास झालेल्या मशीनवर विंडोज ११. नापासपैकी जिथं फक्त ब्राउझर आणि ईमेल चालतो तिथं एसएसडी आणि ८ जीबी रॅम टाकून मिंट २२, त्याला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. उरलेल्या एक-दोन जागी नवीन मशीन. विंडोज ११ वाल्या मशीनवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) आपोआप चालू झालंय का तेही बघा, त्याची रिकव्हरी की कर्मचाऱ्याच्या खासगी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन बसते, आणि तो माणूस नोकरी सोडून गेल्यावर मदरबोर्ड बदलावा लागला तर मशीन उघडत नाही. की छापून तिजोरीत ठेवा.

मॅकचं विचारलं नव्हतं पण कुणी सुचवलं तर नको म्हणा, मशीन चांगली आहेत, तुमच्या कामाची नाहीत.

मार्च एंडच्या आधी सर्व्हरला हात लावू नका. आत्ता हेल्थ चेक, डीव्हीआरचा पासवर्ड, बॅकअप आणि व्हेंडरला ईमेल एवढं उरकून घ्या, आणि ज्या मशीनचा इंटरनेटशी संबंध फक्त गाणी ऐकण्यापुरता आहे त्यांचं इंटरनेट तोवर बंदच ठेवा. एप्रिलमध्ये ऑडिटचे कागद गेले की एकाच काउंटरवर मिंट टाकून पंधरा दिवस चालवा, त्या काउंटरवर सगळ्यात जुन्या कर्मचाऱ्याला बसवा, तरुण पोराला नाही. त्यांना दिवसाअखेर कॅश जुळवताना कुठं अडतंय ते वहीत लिहायला सांगा. ती वही बघून बाकीच्या मशीनचं ठरवा, आणि व्हेंडरचं कोटेशन तोपर्यंत सहीविना तसंच राहू द्या.